थकलेल्या किडनीवर डायचा मारा कशासाठी?

ज्याचं क्रिएटिनिन तीनच्या आसपास आहे, त्याच्या किडनीची धमनी उघडायची आणि ती उघडताना त्याच किडनीत आयोडीनचा डाय पुन्हा पुन्हा सोडायचा, हे मला पटत नाही. मी सोलापूर-धाराशिव भागातली किडनीची डॉक्टर. स्टेंट मी टाकत नाही, ते काम हृदयरोगतज्ज्ञ किंवा रेडिओलॉजिस्ट करतात. पण पुढे डायलिसिसची वेळ आली की तो माणूस माझ्यासमोरच येऊन बसतो.

धमनी अरुंद दिसली की स्टेंट, हे मुळातच चुकीचं आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोरल’ चाचणीत 947 रुग्ण होते. औषधांच्या जोडीला स्टेंट टाकूनही हार्ट अटॅक, मृत्यू किंवा किडनी बिघडणं यांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. बहुतेकांना गोळ्या आणि तंबाखू सोडणं पुरतं. तंबाखूत मिश्रीही आली, हे बायकांना आवर्जून सांगावं लागतं.

मग स्टेंट कुणाला? माझे एक रुग्ण, एसटीतून निवृत्त झालेले चालक. चार प्रकारच्या गोळ्या चालू असूनही वरचा रक्तदाब दोनशेच्या खाली येईना. टेल्मिसार्टन दिली तर क्रिएटिनिन झपाट्याने चढलं. मध्यरात्री अचानक फुप्फुसात पाणी भरून आयसीयूत जावं लागलं, तेही दोनदा, आणि इकोत हृदयाचं पंपिंग मात्र ठीक. डॉपलर सोनोग्राफीत एक किडनी सुकून लहान झालेली दिसली. दुसरीच्या धमनीच्या तोंडाशी रक्ताचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर होता. निरोगी धमनीत तो दोनच्या आत असतो. म्हणजे चालती किडनी एकच आणि तिचंच रक्त अडलेलं. रक्त कमी पोचलं की किडनी रेनिन सोडते आणि सगळ्या शरीराचा रक्तदाब चढतो. किडनीची धमनी आवळली की रक्तदाब चढतो, हे हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या धमन्या चिमट्याने आवळून 1934 मध्येच दाखवून दिलं होतं.

त्यांच्या पत्नीने विचारलं, “मॅडम, त्या डायनं हाय ती किडनी बी जाईल का हो?” प्रश्न अगदी रास्त होता.

म्हणून सोनोग्राफीचा आधार घ्यायचं ठरलं. जांघेतून तार धमनीत गेली आणि तिच्यावरून टोकाला इवलासा प्रोब असलेला कॅथेटर. याला ‘आयव्हस’ म्हणतात. तो सावकाश मागे ओढत आणला की धमनीचा आतून आडवा छेद पडद्यावर दिसतो. कॅल्शियमचा थर कुठे आहे, धमनीचा खरा व्यास किती मिलिमीटर, महाधमनीतून फाटा नेमका कुठे फुटतो, सगळं कळतं. यातलं शेवटचं फार मोलाचं. अडथळा बहुधा तोंडाशीच असतो, त्यामुळे स्टेंट जरा आत बसला तर तोंड अरुंदच राहतं आणि जास्त बाहेर आला तर महाधमनीत लोंबतो. एक्स-रे लागतोच, कारण तार आणि स्टेंट त्यावर पाहायचे असतात. पण जिथे पन्नास-साठ मिलिलिटर डाय सहज जाऊ शकतो, तिथे शेवटच्या खात्रीपुरता थोडासाच लागला.

कॅथेटर महाग आहे, हे खरं. 2017 मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, पण या कॅथेटरला ती लागू नव्हती. शिवाय आयव्हसचा पुरावा हृदयाच्या धमन्यांबाबत जितका भक्कम आहे, तितका किडनीबाबत नाही. तरीही एकुलत्या, अर्ध्या ताकदीच्या किडनीसाठी मोठ्या चाचणीची वाट पाहत बसावं, असं मला वाटत नाही. सरकारी योजनांचं पॅकेज ठरवताना अशा रुग्णांसाठी या कॅथेटरचा खर्च धरलाच पाहिजे. तो परवडत नसेल तिथे कार्बन डायऑक्साइड वायू सोडूनही धमनी दिसते. श्वासावाटे तो निघून जातो.

आणि एक साधी गोष्ट, जिला पैसे लागत नाहीत. किती मिलिलिटर डाय गेला, हे प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर लिहा. दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासायची तारीखही तिथेच लिहा, कारण तोवर रुग्ण गावी पोचलेला असतो आणि तिथल्या डॉक्टरच्या हातात तेवढा एकच कागद असतो.