हरणाऱ्याने चहा टाकावा

मराठी माणूस कशाचे परीक्षण लिहीत नाही? नाटकाचे लिहितो, सिनेमाचे लिहितो, पुस्तक न वाचता पुस्तकाचे लिहितो. मिसळीच्या तर्रीवर दोन-दोन रकाने येतात. हापूस यंदा कसा आहे यावर एप्रिल महिन्यात आमच्या शाखेत जेवढी चर्चा होते तेवढी थकीत कर्जांवर झाली असती, तर शाखेला ढाल मिळाली असती. पण चार माणसे पटाभोवती बसून दोन-दोन तास जो खेळ खेळतात तो चांगला की वाईट, आणि का, याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या की लोक त्याच्याकडे काळजीने पाहू लागतात.

तो माणूस मी. व्यवसायाने बँकेत कारकून, पदवीने बी.कॉम., आणि चाळिशी उलटली तरी पटावरचे खेळ जमवणारा, खेळणारा आणि वर त्यांच्याबद्दल लिहिणारा. एका छोट्या त्रैमासिकाला मी खेळांची परीक्षणे पाठवतो. संपादक ती 'बालजगत' या सदरात, 'रंग भरा' आणि 'सशाला गाजरापर्यंत पोहोचवा' यांच्या मधल्या जागेत छापतात. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "अहो, खेळच ना तो? मोठ्यांच्या पानावर कसा टाकू? तिथं शेअरबाजार आहे." शेअरबाजार हा प्रौढांचा विषय आणि सोंगट्या म्हणजे पोरखेळ, हे ज्याने ठरवले त्याने दोन्हीपैकी एकीकडेही पैसे घातलेले नसावेत.

"या वयात?" असेही विचारतात. म्हैसूरचे महाराज मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांना कोणी असे विचारल्याचे ऐकिवात नाही. त्यांना खेळांचा असा नाद की 'श्रीतत्त्वनिधी' या नऊ भागांच्या ग्रंथातला शेवटचा अख्खा भाग, 'कौतुकनिधी', त्यांनी खेळांना देऊन टाकला. आधीच्या भागांत देवदेवतांची रूपे आणि शेवटी पट न् गंजिफा, सगळे एकाच बासनात! आमच्या संपादकांच्या हाती ते पडले असते तर शेवटचा भाग उसवून बालजगतात गेला असता.

माझे म्हणणे एवढेच आहे की खेळ ही कोणीतरी बनवलेली वस्तू आहे. खुर्ची नीट बनवलेली असते किंवा बसल्यावर कुरकुरते. तसेच खेळाचेही असते. आणि ते पारखायची माझी कसोटी एकच: हरणाऱ्याचे काय होते? जिंकणाऱ्याला काय, कुठलाही खेळ आवडतो. त्याचे मत घेणे म्हणजे कर्ज बुडवून बसलेल्याला व्याजाचा दर पसंत आहे का, असे विचारणे. मागे पडलेल्या माणसाच्या पाटावर बसून पाहावे, म्हणजे खेळ कळतो.

सापशिडी घ्या. तिचे मूळ आपल्याकडच्या मोक्षपटात. तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशीही जोडतात. घराघरात पापपुण्याची नावे, आणि वरच्या टोकाला मोक्ष. अध्यात्म म्हणून थोरच. कर्तेपण तुझे नाही, हे सांगायला याहून चांगले साधन नाही. पण खेळ म्हणून पाहिले तर खेळणाऱ्याने ठरवायचे काय? काही नाही. तुमचा फासा शेजारच्या काकूंनी टाकला आणि तुम्ही दळण आणायला गेलात तरी डावात तसूभर फरक पडत नाही. पुढे साहेबाने मोक्ष काढून घेतला आणि शिड्या तेवढ्या ठेवल्या. उरले ते आपण मुलांच्या वाढदिवसाला देतो.

पण माझा खरा राग आहे तो 'व्यापार'वर. कुणी 'बिझनेस' म्हणा, मूळ मोनॉपलीच. आमच्याकडे हा डाव मांडला की बँक माझ्याकडे. "तुम्ही काय, बँकेतच असता!" म्हणजे दिवसभर नोटा मोजून घरी आल्यावर पुन्हा नोटा, आणि त्याही खोट्या. मूळ नियमावलीत एक सुंदर कलम आहे: बँकेचे दिवाळे कधीच निघत नाही, नोटा संपल्या तर बँकवाल्याने साध्या कागदावर आकडे घालून हव्या तेवढ्या नोटा कराव्यात. हे मी आमच्या मॅनेजरसाहेबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

ही नियमावली कोणी वाचत नाही, हे निराळे दुखणे. तीत म्हटले आहे की सोंगटी पडलेली जागा खेळाडूने विकत घेतली नाही, तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करावा. मी आजवर एकाही घरात लिलाव झालेला पाहिलेला नाही. उलट दंडाचे पैसे पटाच्या मध्यावर साठवायचे आणि कोपऱ्यावरच्या घरात पोचेल त्याला द्यायचे, हा कुठेही न लिहिलेला नियम मात्र घरोघरी पाठ. म्हणजे खेळाडूंच्या खिशातून पैसा काढणारा नियम बाद, आणि परत ओतणारा चालू. याला चलनवाढ म्हणतात, हे एफ.वाय.चे पोरही सांगेल. त्यामुळे तासा-दीड तासाचा डाव जेवणापलीकडे जातो.

बरे, लिलाव केले तरी मूळ खोड जात नाही. एकेकाचे दिवाळे निघते, तो उठतो, आणि उरलेले खेळतच राहतात. उठलेल्याने काय करायचे, यावर नियमावली गप्प आहे. आमच्याकडे त्यावर मेहुण्यांनी तोडगा काढला: ज्याचे दिवाळे पहिले निघेल त्याने चहा टाकायचा. सौ.चे दिवाळे बहुधा पहिल्या तासातच निघे. कारण कोणी अडचणीत आले की भाडे सोडून देण्याची तिला वाईट सवय. वर्षानुवर्षे चहा तिनेच टाकला. डाव नसता तरी तिनेच टाकला असता, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही.

गंमत म्हणजे ज्या बाईने हा खेळ मुळात काढला तिची तक्रार हीच होती. एलिझाबेथ मॅगी तिचे नाव. अमेरिकेत १९०४ साली तिने 'लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट घेतले, ते जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीच्यांची काय गत होते हे लोकांना दिसावे म्हणून. तिने खेळाला दोन तऱ्हेचे नियमही केले. एका तऱ्हेत संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा. दुसरीत एकाने बाकीच्यांना झोपवायचे. लोकांनी दुसरी तऱ्हा उचलली, हे सांगायला नकोच. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने मोनॉपली बाजारात आणली ती चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाचा शोध म्हणून. त्याला रॉयल्टी, आणि मॅगीबाईंना पेटंटचे ५०० डॉलर. थोडक्यात, त्यांनाही चहा टाकायला पाठवले.

पुस्तकाच्या बाबतीत हे इतके सहज पचले नसते. पुस्तकाला परीक्षक असतात, आणि 'हे मूळ कोणाचे हो?' असे विचारणे हा परीक्षकांचा आवडता उद्योग असतो. खेळाला असे विचारणारा कोणी नसला की डब्यावर कंपनीचे नाव मोठे आणि कर्त्याचे नाव गायब.

जर्मनांनी यावर इलाज केला. तिकडे १९७९ पासून 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षातला खेळ', असा पुरस्कार आहे. तो देतात कोण? खेळांची परीक्षणे लिहिणारे! ज्या जमातीला आमच्याकडे सशाच्या शेजारी बसवतात ती जमात. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत काही खेळकर्त्यांनी बियरच्या पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या: डब्यावर आमचे नाव घालणार नसाल तर खेळ मिळणार नाही. पेल्यापाशी झालेले करार आपल्याकडे दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाहीत. त्यांनी तो पाळला. १९९५ साली ज्याच्या 'कातान'ला हा पुरस्कार मिळाला तो क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता. त्याचे नाव आज खेळ खेळणाऱ्यांना पाठ आहे. आणि कातानमध्ये कोणी बाद होत नाही. दहा गुण कोणाचे तरी होईपर्यंत मागे पडलेल्याकडेही विटा नाहीतर मेंढ्या मागायला पुढच्याला यावेच लागते.

पहिल्या वर्षीचा मान मात्र एका इंग्रजाच्या खेळाला मिळाला: डेव्हिड पार्लेटचा 'ससा आणि कासव'. भाच्याने जर्मनीहून आणून दिला. मी वाकून नमस्कार केला (भाच्याला नव्हे). यात चाल ठरवायला फासा नाही. गाजरे मोजून पुढे सरकायचे. एक घर जायला एक गाजर, दोन घरांना तीन, पाच घरांना पंधरा, आणि एकदम दहा घरे मारायची तर पंचावन्न! म्हणजे घाई करणाऱ्याला चक्रवाढीने भुर्दंड. गाजरे संपली तर मागच्या कासवाच्या घरापर्यंत उलटे जायचे. जेवढी घरे मागे तितकी दहा-दहा गाजरे जमा. मागे पडणे हीच इथे कमाई. आणि पहिला पोचणाऱ्याजवळ दहापेक्षा जास्त गाजरे उरली तर त्याला आत घेत नाहीत. महिनाअखेरीला डबे रिकामे आणि घर चालू, असा हिशेब पंधरा वर्षे करणाऱ्या सौ.ने पहिल्याच डावात आम्हां तिघांना धूळ चारली. चहाची आठवण मेहुण्यांना झाली, पण उठायला कोणी मोकळे नव्हते.

हा खेळ दुकानात दिसला तर डब्याकडे पाहून तुम्हाला यातले काय कळेल? सशाचे चित्र दिसेल. गादी विकत घेताना निदान बसून पाहता येते. खेळाचा डबा प्लॅस्टिकमध्ये बंद. शेजारच्या डब्यावर 'बुद्धी वाढवणारा' असे लिहिलेले असते, आणि घरी जाऊन फोडला की आत नवीन चित्रांची सापशिडी निघते. पैसे गेले, संध्याकाळ गेली, आणि पोरगे कायमचे म्हणू लागले की पटावरचे खेळ कंटाळवाणे असतात. सिनेमा वाईट निघाला तर आपण सिनेमाला शिव्या देतो. खेळ वाईट निघाला तर खेळणेच सोडून देतो. हे का? तर हा वाईट आहे, तो पाहा, असे सांगायला कोणी नव्हते म्हणून.

"बुद्धिबळाला आहे की मान!" असे सांगतात. आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा मीही शाखेत पेढे वाटले. पण तिथे लिहिले जाते ते खेळाडूबद्दल आणि डावाबद्दल. बुद्धिबळ हा खेळ चांगला का, हे कोणाला लिहावे लागत नाही. शतकांनी ते पारखून ठेवले आहे. काल छापून आज दुकानात आलेल्या खेळाने शतके कुठून आणायची?

मेहुण्यांचे म्हणणे निराळेच. ते म्हणतात, "भावजी, तुम्ही पोरांना लाडावताय. हरला की उठला पाहिजे माणूस. व्यवहारात असंच असतं." व्यवहारात असे नसते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगू शकतो. हप्ते तुंबले तर आम्ही लगेच कोणाला उठवत नाही. मुदत वाढवतो, हप्ता कमी करून देतो, त्यासाठी निराळा अर्ज आहे. २०२० साली रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत देऊ केली तेव्हा आमच्या शाखेत पहिल्याच दिवशी जे अर्ज आले, त्यांत मेहुण्यांचा होता. तो मीच भरून दिला होता.