ओळखीची गाडी दुर्मिळ होते तेव्हा

गेल्या आठवड्यात नळस्टॉपच्या सिग्नलला माझ्या पुढे टाटा सिएरा उभी होती. हल्ली नव्याने आलेली पाच दारांची नव्हे, 1991 साली आलेली मूळची. दोन्ही बाजूंना एकेकच दार आणि मागच्या सीटच्या बाजूने थेट टपापर्यंत वळत गेलेली ती मोठी काच. ही काच उघडायची सोय नव्हती आणि मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून आत शिरावे लागे. तरी आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी हीच गाडी वहीच्या शेवटच्या पानावर काढली असेल. सिग्नल सुटला, गाडी डेक्कनकडे निघून गेली आणि शेजारच्या एकाही दुचाकीवाल्याने मान वळवून पाहिले नाही. ज्या पुण्यात ती तयार झाली, तिथेच तिला कुणी ओळखत नव्हते.

दुर्मिळ गाडी म्हटले की डोळ्यांसमोर संस्थानिकांची रोल्स-रॉइस येते, नाहीतर एखादी नवीकोरी लॅम्बॉर्गिनी. त्यांच्या नशिबी निगा असते, कव्हर असते, विमा असतो. माझा जीव अडकतो तो एके काळी दारोदारी उभ्या असलेल्या गाड्यांत. त्या इतक्या होत्या, की जपून ठेवाव्यात असे कुणाला वाटलेच नाही.

फियाटचेच पाहा. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ बाहेर पडल्या, मग पन्नाशीच्या दशकात फियाट आली. गोलमटोल अंगामुळे लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिची पुढची दारे उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागे ठेवून उघडत. 1964 मध्ये 1100 डी आली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी, स्टेअरिंगवरच्या गिअरची. 2023 च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. चौकाचौकांत रांगा लावून उभी असणारी गाडी आता दिसली, तर टॅक्सीवालेच थांबून बघतात.

अशा गाड्या ओळखता येऊ लागल्या, की महाराष्ट्राच्या कारखानदारीचा नकाशा हळूहळू उलगडतो. प्यूजो 309 दिसली तर ती कल्याणची. ही गाडी 1994 मध्ये आली आणि काही वर्षांतच बंद पडली. फोर्ड एस्कॉर्ट दिसली तर ती नाशिकची, महिंद्रा आणि फोर्ड यांच्या भागीदारीतली. 1995 पासून पिंपरी-चिंचवडमध्ये मर्सिडीजही जुळू लागली. आणि रस्त्यावर कधीच दिसणार नाही अशी एक गाडी या नकाशात आहे: इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी घडवलेली छोटी ‘मीरा’. तिचे नमुने तयार झाले, पण कारखाना उभा राहिला नाही.

पाहायला शिकणे अवघड नाही. आधी नंबर प्लेट बघावी. नवा मोटार वाहन कायदा जुलै 1989 मध्ये लागू झाल्यावर ‘एमएच’ आणि आरटीओचा आकडा अशी पद्धत आली. त्यामुळे एम ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे नुसता क्रमांक दिसला, की गाडी त्याआधीची समजावी. मग पुढच्या दारातली तिकोनी काच आणि दाराखालचा पत्रा बघावा. कोकणातल्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर सडतो. कोरड्या हवेच्या सोलापूर-नगरकडे जुनी गाडी मूळ पत्र्यानिशी भेटण्याचा संभव अधिक.

गाडी टिकते ती मिस्त्रीमुळे आणि स्पेअर्समुळे. सिएराची यंत्रे टाटांच्या इतर गाड्यांशी मिळतीजुळती असल्याने इंजिनाचे सामान अजून मिळवता येते. ती वळणदार काच फुटली, तर मात्र मालक हवालदिल होतो. पद्मिनीचे सुटे भाग टॅक्सींमुळे वर्षानुवर्षे सहज मिळत राहिले. आता ती मागणीच संपली. कार्ब्युरेटर कानाने ऐकून लावणारे मिस्त्री म्हातारे झाले आहेत आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांनी लॅपटॉप हाती घेतले आहेत. त्यात त्या पोरांचा दोष नाही. पण ती विद्या लिहून ठेवली नाही, तर ती गाडीआधी जाईल.

कायद्याकडे पाहिले की काळजी वाढते. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम केले: 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी, ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, नोंदणीला 20,000 रुपये. चांगले नियम आहेत. पण 1991 ची सिएरा या दारात पोचेल 2041 मध्ये. तोवर पंधरा वर्षांपुढच्या कोणत्याही खासगी गाडीप्रमाणे तिला दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर चुकत नाही. रोज ऑफिसला धूर सोडत जाणारी जुनी गाडी आणि महिन्यातून दोन रविवार बाहेर निघणारी एस्कॉर्ट यांना कायदा एकाच मापाने मोजतो. हवा स्वच्छ राहिलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. म्हणूनच तीस वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी मधली एक श्रेणी हवी. वर्षाला ठरावीक किलोमीटरच चालवायची अट घाला, तपासणी कडक ठेवा, पण करात सवलत द्या. फार थोड्या गाड्यांचा प्रश्न आहे, तिजोरीला त्याचा भार जाणवणारही नाही.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातातले काम आजच होऊ शकते. अशी गाडी उभी दिसली आणि मालक जवळ असला, तर दोन मिनिटे थांबा. कोणत्या सालची, कुठे घेतली, काम कोण करतो, विचारा. लोक भरभरून सांगतात, कारण त्यांना सहसा कुणी विचारलेलेच नसते. आणि तुमच्याच वाड्यात, शेडमध्ये आजोबांची गाडी ताडपत्रीखाली असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिचे आरसी बुक शोधा आणि एका जाणत्या मिस्त्रीला ती दाखवा.