महाविद्यालयीन नौकानयन व आपलीं मुलें

धानोऱ्याच्या मुलांस डोंगा नवा नाहीं. कठाणी आपल्या तालुक्यांतूनच वाहत जाऊन पुढें वैनगंगेस मिळते. पावसाळ्यांत नाले भरले कीं कित्येक गांवांची वाट तुटते, आणि झाडाच्या खोडांतून कोरलेल्या डोंग्यांत उभें राहून, लांब बांबूनें तळ रेटीत पलीकडे जाणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. म्हणूनच पुण्यासारख्या शहरीं महाविद्यालयांत गेलेला मुलगा जेव्हां घरीं कळवितो कीं, 'मी नौकासंघांत वल्हें मारावयास शिकत आहें,' तेव्हां वडिलांच्या कपाळीं आठी पडते. 'नाव हांकावयास शिकण्यासाठीं का याला इतक्या दूर धाडला?' असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे, व त्याचें उत्तर देण्याचा आम्ही येथें यत्न करणार आहों.

प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, डोंगा हांकणें आणि संघानें नौका वल्हविणें या दोन अगदीं निरनिराळ्या विद्या आहेत. आठ जणांची शर्यतीची नौका सुमारें १८ मीटर लांब असते. रुंदी मात्र माणूस जेमतेम बसेल एवढीच. प्रत्येकाच्या हातीं एकच वल्हें, एकाचें डावीकडे तर दुसऱ्याचें उजवीकडे. वल्हविणारे सर्व जण जावयाच्या दिशेकडे पाठ करून बसतात! पुढें काय आहे तें पाहतो एकटा सुकाणू धरणारा. बाकीच्या आठांनीं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा. आसन चाकांवर मागें-पुढें सरकतें, त्यामुळें खरा जोर दंडांचा नसून पायांचा असतो. सुकाणूधारकाच्या अगदीं समोर जो बसतो तो ताल धरतो, आणि त्याच्या मागच्या सात जणांनीं आपला ताल सोडून त्याचा घ्यावयाचा. वल्ह्याचें पातें पाण्यांत उभें शिरतें, बाहेर येतांच मनगटाच्या वळशानें आडवें होतें, आणि पुन्हां शिरण्यापूर्वीं उभें होतें. हें सर्व आठांचें एकाच क्षणीं व्हावें लागतें. एकाचें पातें निमिषभर मागें राहिलें कीं नौका कलते, आणि पातें वांकडें शिरून पाण्यांत अडकलें तर वल्ह्याचा दांडा उलटून वल्हविणाराच्या छातीवर आदळतो. इंग्रज लोक या फजितीस खेकडा पकडणें असें म्हणतात. नवशिक्यांच्या पहिल्या महिन्यांत असे खेकडे पुष्कळ निघतात.

यावरून दिसेल कीं, लहानपणापासून डोंगा हांकलेल्या मुलास पाण्याचें भय नसतें एवढीच त्याची कमाई. एरवीं त्याला आपल्या तीन संवयी सोडाव्या लागतात. तो पुढें पाहतो, खांद्यांनीं जोर लावतो आणि स्वतःच्या मनाप्रमाणें थांबतो किंवा घाई करतो. तथापि आपल्या मुलांस ही विद्या मुळींच परकी आहे असेंही आम्हांस वाटत नाहीं. धानाची रोवणी करणाऱ्या बायांची ओळ आपण पाहतोंच. त्याही जावयाच्या दिशेकडे पाठ करून, एका लयीनें, मागें मागें सरकत जातात, आणि जी मागें राहते तिच्यामुळें सगळी ओळ वांकडी होते. रेला नाचतांना हातांत हात गुंफलेल्या रांगेंत एकाचें पाऊल चुकलें तर तें दोन्ही टोकांपर्यंत जाणवतें. ज्यानें ही रांग धरली आहे त्याला तालाचा अर्थ व्याख्यान देऊन शिकवावा लागत नाहीं.

आतां पुण्याकडे वळूं. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभ १८५४ सालीं झाला. मुळा व मुठा यांच्या संगमाजवळ तें वसलेलें आहे, आणि त्याचा नौकाक्लब १९२८ पासूनचा. खालच्या अंगास बंडगार्डनचा बंधारा असल्यामुळें संगमावर पाणी तुंबून राहतें व नौका चालविण्याजोगी खोली मिळते. २०२२ मध्यें महाविद्यालय विद्यापीठ झालें, परंतु क्लब पूर्वीचाच. तेथील विद्यार्थी दरवर्षीं रेगाटा नांवाचा नौकांचा उत्सव भरवितात व तो पाहावयास पुणेकर नदीकांठीं गर्दी करतात. तेथें सगळेंच आलबेल आहे असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. शहराचें सांडपाणी त्याच नदींत येतें, जलपर्णी माजते, आणि ज्या पाण्यांत मुलांनीं वल्हें घालावयाचें त्या पाण्याचा वास सोसवत नाहीं असे दिवस येतात. आपल्या कठाणीचें पाणी पाहिलेल्या मुलास याचें प्रथम दुःखच होईल.

मग असें असतां आम्ही या खेळाची शिफारस कां करतों? आमचें मुख्य कारण असें आहे कीं, शहरांतील महाविद्यालयांत आपल्या मुलास जी थोडीं दारें इतरांइतकींच उघडीं मिळतात त्यांपैकीं हें एक आहे. क्रिकेट घ्या, टेनिस घ्या. शहरचा मुलगा सात-आठ वर्षें शिक्षकाच्या हाताखालीं तयार होऊन येतो, आणि आपला मुलगा पहिल्या दिवशींच कडेला उभा राहतो. वर्गांतही इंग्रजी बोलणारे पुढें बसतात. परंतु वल्हें मात्र बहुतेकांनीं अठराव्या वर्षापर्यंत हातीं धरलेलें नसतें, मग तो मुंबईचा असो कीं मुरूमगांवचा. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांची शर्यत १८२९ पासूनची म्हणून जगांत एवढी गाजते. पण तेथेंही निरनिराळ्या महाविद्यालयांच्या लहान संघांत विद्यापीठांत आल्यावरच प्रथम नौकेंत पाय ठेवणारे पुष्कळ असतात. सगळेच नवे, सगळ्यांचेच खेकडे निघावयाचे. (१९१२ सालीं तर त्या शर्यतींत दोन्ही विद्यापीठांच्या नौका बुडाल्या, तेव्हां नवशिक्यांनीं फार लाजण्याचें कारण नाहीं.)

याचें उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही हें गांव आहे. मुलूख दुष्काळी, पाण्यासाठीं वणवण. तेथील दत्तू भोकनळ हे वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचें काम करीत. २०१२ सालीं ते सैन्यांत शिरले आणि त्यानंतर पुण्यांत, वयाची विशी उलटल्यावर, त्यांनीं प्रथम वल्हें हातीं घेतलें. आरंभीं त्यांस पाण्याची भीति वाटे. पुढें २०१६ मध्यें रिओ येथील ऑलिंपिकांत एकट्यानें वल्हविण्याच्या शर्यतींत ते उतरले व १३ वे आले. त्या ऑलिंपिकांत नौकानयनांत भारताकडून ते एकटेच होते. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत चौघांच्या नौकेंत त्यांस सुवर्णपदक मिळालें. आम्हांस त्या पदकाहून अधिक मोलाचें वाटतें तें असें कीं, जेथें नदीच नाहीं अशा गांवचा तरुण इतक्या उशिरां शिकूनही तेथवर पोहोंचूं शकला. दुसऱ्या कोणत्या खेळांत हें घडतें?

दुसरें कारण वसतिगृहांत राहिलेल्यांसच नीट कळेल. घरापासून दूर गेलेला मुलगा पहिल्या वर्षीं एकटा पडतो. तो आजारी पडला तरी दोन दिवस कोणास पत्ता लागत नाहीं. वर्गांत तो नसला तरी व्याख्यान चालूच राहतें. पण आठांच्या नौकेंत सातच आले तर नौका निघत नाहीं. पहांटे साडेपांचला कोणीतरी त्याच्या खोलीचें दार ठोठावतें. आपल्या वांचून कोणाचें तरी अडतें, ही जाणीव त्या वयांत औषधासारखी असते. अभ्यास सोडून घरीं परत आलेलीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांतील बहुतेकांस गणितानें नव्हे, एकटेपणानें परत धाडलें होतें.

पालकांचा मोठा आक्षेप अभ्यासाचा. तो आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. सकाळचे दोन तास नदीवर गेले म्हणजे दुपारीं वर्गांत डोळे मिटतात हें खरें, आणि परीक्षेच्या आधींच्या महिन्यांत मुलानें वल्हें खुंटीस टांगावें असेंच आमचें मत आहे. ज्याची शिष्यवृत्ति गुणांवर अवलंबून आहे त्यानें तर पहिली सहामाही पाहूनच पुढें जावें. परंतु 'पुस्तकाबाहेर पाहूं नकोस' अशी सरसकट शपथ मुलास घालणें आम्हांस मान्य नाहीं.

मुलींविषयीं घरोघर अधिक कुरकुर होते. त्यांत नवल नाहीं. ज्यांस आपण पुढारलेले म्हणतों त्यांनींही हेंच केलें. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या मुली १९२७ सालीं प्रथम एकमेकींविरुद्ध उतरल्या, तेव्हां त्यांस बरोबरीनें नौका हांकूं न देतां, कोणाचें वल्हविणें अधिक डौलदार हेंही परीक्षकांनीं तपासलें. पुरुषांच्याच मार्गावर, त्याच दिवशीं त्यांची शर्यत होण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. ऑलिंपिकांतही स्त्रियांस वल्हें मिळालें तें १९७६ मध्यें. आपल्याकडे धान रोवतांना, मोहफुलें वेंचतांना, ओझें वाहतांना मुलीच्या बळाविषयीं कोणासही शंका येत नसेल, तर ती नौकेपाशींच कां यावी?

राहिलें पाण्याचें भय. या भयास आम्ही हंसणार नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें चामोर्शी तालुक्यांत वैनगंगेंत नाव उलटून सहा बाया बुडाल्या. त्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यांत मिरची तोडावयास निघाल्या होत्या. खेळासाठीं नव्हे, मजुरीसाठीं. आमच्या मतें या दुःखांतून निघणारा अर्थ मुलांस नदीपासून दूर ठेवण्याचा नाहीं. नदी आपल्याला टाळतां येतच नाहीं. ती ओलांडूनच आपलीं माणसें कामास जातात. ज्या जिल्ह्यास इतक्या नद्या आहेत त्या जिल्ह्यांत पोहणें, प्राणरक्षक जाकीट घालणें व नावेंत किती माणसें घ्यावींत हें जाणणें, यांचें शिक्षण शाळेंतूनच मिळावयास हवें, आणि तें शिकवूं शकणारीं माणसें महाविद्यालयांच्या नौकासंघांतूनच तयार होतील. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीस आहे. चिचडोह येथें वैनगंगेवर बंधाराही झाला आहे. बंडगार्डनच्या बंधाऱ्यानें पुण्यांत जें केलें तें येथें कां होऊं नये, याचा विचार विद्यापीठाच्या चालकांनीं करावा अशी आमची विनंति आहे. आपल्या मुलांनीं या विद्येसाठीं पुण्यासच जावें असें थोडेंच आहे?

तोंवर जीं मुलें जाणार आहेत त्यांच्या पालकांस एवढेंच सांगणें कीं, नौकेसाठीं संमतिपत्र घरीं आलें तर तें रागानें बाजूस ठेवूं नये, आणि न वाचतां सहीही करूं नये. मुलास पोहतां येतें काय, संघाबरोबर शिक्षक असतो काय, जाकिटें व सोबतीस दुसरी नाव असते काय, हें लिहून विचारावें. पोहतां येत नसेल तर येत्या दिवाळीच्या सुटींत, कठाणीस पाणी आहे तोंवर, गांवांतील एखाद्या जाणत्या पोहणाराच्या देखरेखीखालीं, कमरेस दोर बांधून, उथळ जागीं त्यास शिकवावयास आरंभ करावा. मुलीसही त्याच वेळीं पाण्यांत उतरवावें.