अतिरेक्यांच्या अड्ड्यात साबणाची पावती सापडते तेव्हा... अल कायदा आणि इसिसचा कारभार चालतो कसा?

२०१३ च्या सुरुवातीला फ्रान्सच्या फौजांनी आफ्रिकेतल्या माली देशातलं टिंबक्टू शहर अल कायदाच्या ताब्यातून सोडवलं. अतिरेकी पळून गेले आणि पत्रकार त्यांच्या रिकाम्या इमारतींत शिरले. तिथे सापडला पावत्यांचा ढीग! साबण, मॅकरोनी, विजेचा बल्ब, सगळ्याची नोंद. असोसिएटेड प्रेसच्या हाती अशा शंभराहून जास्त पावत्या लागल्या.

त्याच कागदांत एक पत्रही होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अल कायदाच्या उत्तर आफ्रिका शाखेनं आपल्याच एका कमांडरला, मोख्तार बेलमोख्तारला, झापलं होतं. तू फोन उचलत नाहीस, बैठकांना येत नाहीस, खर्चाचा हिशोब देत नाहीस, अशी ती तक्रार. बेलमोख्तारनं वेगळी चूल मांडली आणि जानेवारी २०१३ मध्ये अल्जीरियातल्या इन अमेनास इथल्या गॅस प्रकल्पावर हल्ला चढवला. सुमारे ४० परदेशी ओलीस त्यात मारले गेले.

हिशोब मागणारा साहेब आणि न देणारा कर्मचारी, असं भांडण कुठल्याही ऑफिसात चालतं. पण या संघटना समजून घ्यायच्या तर असलेच कागद वाचावे लागतात.

आधी विचार कुठून आला ते बघू

'जिहाद' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आहे झटणं, प्रयत्न करणं. युद्ध हा त्यातला एक अर्थ, आणि त्यालाही धर्मशास्त्रानं कोण पुकारू शकतो, कोणाला मारायचं नाही, असे नियम घातलेले. आजच्या जिहादी संघटनांनी हे नियम बाजूला सारले. हे एका दिवसात झालं नाही.

इजिप्तचे लेखक सय्यद कुत्ब यांना नासर सरकारनं तुरुंगात डांबलं आणि १९६६ मध्ये फाशी दिलं. त्यांचं म्हणणं होतं की आजचे समाज, अगदी मुस्लिम राज्यकर्त्यांचेसुद्धा, इस्लामपूर्व अज्ञानाच्या काळात परत गेलेत. पुढे मोहम्मद अब्दुस्सलाम फरज यानं यातून थेट कार्यक्रम काढला : आधी 'जवळचा शत्रू', म्हणजे आपल्याच देशाचा राज्यकर्ता, संपवा. त्याच्या गटानं ६ ऑक्टोबर १९८१ ला इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या केली.

ओसामा बिन लादेननं गणित उलटं केलं. या राज्यकर्त्यांना टेकू अमेरिकेचा आहे, म्हणून आधी 'दूरचा शत्रू' गाठा. १९८८ मध्ये, अफगाणिस्तानातलं सोव्हिएत युद्ध संपत आलं असताना, अल कायदा उभी राहिली. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाम इथल्या अमेरिकी दूतावासांवरचे स्फोट आणि २००१ चा ९/११ हे याच गणिताचे परिणाम.

मग इसिस वेगळी का?

जॉर्डनचा अबू मुसाब अल झरकावी इराकमध्ये लढत होता. २००४ मध्ये त्यानं बिन लादेनशी 'बयत' केली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली. पण त्याचा पहिला निशाणा शिया मुसलमान होते. त्याचं हत्यार होतं 'तकफीर', म्हणजे समोरच्या मुसलमानाला काफिर ठरवणं. एकदा तसं ठरवलं की त्याचा जीव घ्यायला मोकळे.

यावर खुद्द अल कायदाचा नंबर दोन अयमन अल जवाहिरीनं २००५ मध्ये झरकावीला पत्र लिहून समजावलं : मशिदींवरचे हल्ले आणि गळे चिरण्याचे व्हिडिओ यांनी लोक आपल्यापासून तुटतील. मुद्दा दयेचा नव्हता, जनाधाराचा होता. झरकावीनं ऐकलं नाही. जून २००६ मध्ये तो अमेरिकी हवाई हल्ल्यात मेला, पण त्याची पद्धत उरली.

त्याच संघटनेची पुढे इसिस झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये अल कायदानं तिच्याशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. चारच महिन्यांत इसिसनं मोसुल घेतलं आणि २९ जूनला अबू बकर अल बगदादीला खलिफा घोषित केलं. फरक इथे आहे. अल कायदासाठी खिलाफत हे दूरचं ध्येय होतं, आधी लोकमत तयार करायचं. इसिसनं ती लगेच जाहीर केली आणि जगभरच्या मुसलमानांनी आपल्याशी निष्ठा ठेवावी, असा दावा केला.

तो दावा किती जणांना मान्य होता? सप्टेंबर २०१४ मध्ये १२० हून अधिक मुस्लिम विद्वानांनी बगदादीला जाहीर पत्र लिहून त्याचा एकेक मुद्दा धर्मग्रंथांच्याच आधारे खोडून काढला.

कारभार कसा चालायचा?

इसिसच्या कारभारातले शब्द आपल्या ओळखीचे वाटतील. प्रांताला 'विलायत', खात्याला 'दिवाण', आणि वसुलीत 'जकात'. शिक्षण, तिजोरी, लोकांच्या कपड्यांवर आणि वागण्यावर नजर ठेवणारी 'हिस्बा', सगळ्यांची वेगळी खाती. पैसा तेलातून, करांतून, खंडणीतून.

हे जमवलं कोणी? २००३ मध्ये अमेरिकेनं सद्दामचं सैन्य बरखास्त केलं आणि लाखो प्रशिक्षित माणसं घरी बसली. त्यातले काही अधिकारी या संघटनेत आले. सद्दामच्या हवाई दलाचा माजी कर्नल हाजी बक्र हा त्यातला महत्त्वाचा. गावागावांत हेर पेरण्याचे आराखडे त्यानं कागदावर काढून ठेवले होते. धर्माची भाषा आणि सद्दामच्या गुप्तहेर खात्याची शिस्त, असं ते मिश्रण होतं.

अल कायदाचं मॉडेल वेगळं. मध्यभागी अमीर आणि त्याची शूरा, म्हणजे सल्लागार मंडळ, आणि देशोदेशी शाखा. नाव वरच्यांचं, पैसा आणि माणसं स्थानिक. म्हणूनच शाखा हाताबाहेर जाते. अबोटाबादच्या घरात सापडलेल्या कागदांत बिन लादेन शाखांच्या हातून मरणाऱ्या सामान्य मुसलमानांबद्दल वैतागलेला दिसतो. संघटनेचं नाव बदलावं का, इथपर्यंत विचार चालला होता.

मग पावत्या का ठेवतात?

प्रिन्स्टन विद्यापीठाचे जेकब शापिरो यांनी २०१३ च्या पुस्तकात हे कोडं मांडलंय. अतिरेकी संघटनेच्या म्होरक्याला आपल्या माणसांवर भरवसा नसतो. कोणी पैसे खाईल, कोणी नको तिथे बॉम्ब फोडेल. त्यांना ताब्यात ठेवायचं तर हिशोब, अहवाल, पत्रं हवीत. पण जितके कागद, तितका पकडले जाण्याचा धोका. कागद ठेवले तरी पंचाईत, नाही ठेवले तरी पंचाईत.

म्होरक्या मेला की संपतं का?

बिन लादेन २०११ मध्ये, बगदादी २०१९ मध्ये, जवाहिरी २०२२ मध्ये मारला गेला. मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बागूझ पडलं आणि इसिसच्या ताब्यातला जमिनीचा शेवटचा तुकडाही गेला. तरी ऑगस्ट २०२१ चा काबूल विमानतळावरचा आणि मार्च २०२४ चा मॉस्कोतला हल्ला इसिसच्या खोरासान शाखेच्या नावावर आहे. ही शाखा तालिबानलाही शत्रू मानते. मालीत तर अल कायदा आणि इसिसच्या शाखा २०२० पासून एकमेकींशीच लढतायत. जिथे सरकार पोचत नाही, न्याय मिळत नाही, तिथे नवा म्होरक्या सापडतो.

हे आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्यातून इराकला गेले आणि इसिसकडे वळले. त्यांच्यापर्यंत पोचायला इसिसला कल्याणमध्ये ऑफिस थाटावं लागलं नाही, इंटरनेट पुरलं.

म्हणून पुढच्या वेळी 'सगळे जिहादी एकच' किंवा 'सगळे मुसलमान त्यांच्याच बाजूचे' असा फॉरवर्ड आला, तर दोन गोष्टी आठवा. या संघटनांचं आपापसात पटत नाही, हे त्यांच्याच पत्रांत लिहिलंय. आणि इराक, सीरिया, अफगाणिस्तान, साहेलमध्ये त्यांच्या हातून मेलेले बहुतेक लोक मुसलमानच आहेत. मुसलमान विरुद्ध बाकी जग अशी सरळ रेघ त्यांना हवीच आहे. तो फॉरवर्ड पुढे पाठवला, तर ती रेघ त्यांच्यासाठी आपणच मारून देतो.