लोपेझची विकाऊ ढाल

‘लोपेझ घराण्याचे कुलचिन्ह’ म्हणून रंगीत ढाली विकण्याचा धंदा आज देशोदेशी जोरात चालतो. हा धंदा इतिहासाच्या नावाने चाललेली शुद्ध फसवणूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात लोपेझ हे एका घराण्याचे नावच नव्हे. लॅटिनमध्ये लांडग्याला ‘लुपुस’ म्हणतात. त्यावरून ‘लोपे’ हे व्यक्तिनाम झाले आणि ‘एझ’ म्हणजे अमक्याचा मुलगा. मध्ययुगीन स्पेनमध्ये मेंढपाळापासून सरदारापर्यंत लोपे असंख्य होते. त्या साऱ्यांच्या वंशजांची ढाल एक कशी असेल?

बिस्काय प्रांताचे अधिपती असलेल्या आरो घराण्याकडे पाहा. तेथे दिएगो लोपेझचा मुलगा लोपे दियाझ आणि त्याचा मुलगा पुन्हा दिएगो लोपेझ! आडनाव पिढीगणिक बदले. ढालीवरचे लांडगे मात्र आरो घराण्याचे. तेच पुढे बिस्कायच्या राजचिन्हात शिरले आणि १९८६ साली तेथून काढले गेले. संत इग्नेशियस यांचे मूळ नाव इन्यिगो लोपेझ. थोरले बंधू मार्टिन गार्सिया, वडील बेल्त्रान यान्येझ. एका छपराखाली तीन उपनावे! लोयोलाच्या वाड्याच्या दारावर दोन लांडगे आणि कढई कोरलेली आहे खरी, पण ते चिन्ह त्या वाड्याचे आहे, लोपेझ या नावाचे नव्हे.

कुलीनतेचा दावा करणाऱ्याला त्या काळी वायाडोलिडच्या न्यायासनापुढे साक्षीपुरावे द्यावे लागत. आता पैसे मोजले की पुरे.

हे दूरदेशीचे खूळ म्हणून सोडून दिले असते. परंतु वसई-गोव्याकडील लोपीस हे त्याच नावाचे पोर्तुगीज रूप, आणि आपल्यातील काहींनाही हा मोह होतो. आपल्या पूर्वजांना हे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री वा धर्मबाप यांच्याकडून मिळाले. त्यांच्याशी रक्ताचे नाते जुळले नाही. शोभेची वस्तू म्हणून ढाल घ्यायची तर खुशाल घ्यावी. पण ‘हे आपल्या वाडवडिलांचे’ असे मुलांना सांगताना, ज्यांनी खाजणात बांध घालून भात पिकवले त्या खऱ्या वाडवडिलांना आपण घराबाहेर काढतो, याची कोणाला खंत वाटते काय? चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत त्यांची नावे शोधायला मात्र कोणाला सवड नसते.