विमान बोलेनासे होते तेव्हा

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. तोरणमाळच्या पठारावरून मुले आभाळाकडे बोट दाखवतात, ते विमान सातपुडा ओलांडून भलत्याच मुलखाला निघालेले असते. खालून पाहणाऱ्याला ते अगदी एकटे वाटते. पण तसे ते नसते. पूर्वी एका गावचा वाटाड्या वाटसरूला पुढच्या गावच्या वेशीपर्यंत पोचवी आणि तिथल्या वाटाड्याच्या स्वाधीन करी. जमिनीवरचे नियंत्रक विमानाच्या बाबतीत हेच करतात. हद्द बदलली, की वैमानिकाने रेडिओची लहर बदलून पुढच्या नियंत्रकाशी बोलायचे.

हे बोलणेच तुटले तर? १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवर असताना संपर्क तुटला. आत ३३० प्रवासी आणि १५ कर्मचारी. न बोलणाऱ्या विमानात काय चालले आहे, हे जमिनीवरच्यांना कसे कळावे? २००१ साली अमेरिकेत विमाने पळवून जो संहार झाला, तेव्हापासून या मौनाची सर्वांनीच धास्ती घेतली आहे. जर्मन हवाई दलाची लढाऊ विमाने तातडीने झेपावली. अशा वेळी लढाऊ विमानाने शेजारी येऊन पंख हलवायचे आणि मुक्या विमानाने आपले पंख हलवून ‘समजले’ म्हणायचे, असा संकेत आहे. सुदैवाने काही मिनिटांतच संपर्क जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरले.

रेडिओच बिघडला, तर वैमानिक ७६०० हा आकडा लावतो. रडारच्या पडद्यावर तो पाहून नियंत्रक ओळखतो, की याची वाचा गेली. हवा स्वच्छ असेल तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचे. ढगांतून जाणे भाग असेल तर आधी ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी मुक्काम गाठायचा. नियंत्रक त्याची वाट मोकळी ठेवतो. मनोऱ्यावरून स्थिर हिरवा दिवा दिसला, तर उतरावे. स्थिर लाल दिसला, तर घिरट्या घालीत राहावे.

दोघांना एकमेकांचा शब्दही ऐकू येत नाही. पण दोघे एकच नियम पाळतात, म्हणून माणसे घरी पोचतात. बोलणे बंद पडल्यावर काय करायचे, हे बोलणे चालू असतानाच ठरवावे लागते.

दिवाळीला येणाऱ्या मुलाचा फोन लागत नाही, म्हणून येरझाऱ्या घालणाऱ्या वडीलमंडळींनीही हे ध्यानात घ्यावे. ‘फोन लागला नाही, तरी याच गाडीने येईन आणि स्टेशनवरच थांबेन,’ एवढे आधी वदवून घ्यावे. मग फराळाचे ताट झाकून ठेवून निश्चिंत बसायला हरकत नाही!