देवाला काय विचारावं, डॉक्टरांना काय?

बसवनगुडीतल्या गांधी बाजारात सकाळी फुलं घ्यायला गेलं की एक गंमत दिसते. इथे फुलांची माळ वजनावर मिळत नाही, हातावर मोजून मिळते. फुलवाली कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ धरते, झर्रकन तोडते आणि पानात बांधून देते. या मापाला कानडीत ‘मोळ’ म्हणतात. तिच्याजवळ ना पट्टी, ना तराजू. पण वर्षानुवर्षं तिच्याकडून फुलं घेणाऱ्या बायका कधी कुरकुर करत नाहीत. हाताला सवय झाली की हातच मोजायला लागतो.

आपल्या स्वयंपाकघरातही हेच चालतं. आमच्या सासूबाई आमटीत मीठ घालताना कधी चमचा वापरत नाहीत आणि आमटी कधी खारट होत नाही. ‘कसं कळतं हो, आई?’ असं विचारलं तर म्हणतात, ‘कळतं की गं, त्यात काय!’ या ‘कळतं की’लाच शहाणी माणसं अंतःप्रेरणा म्हणतात. आपण त्याला आतला आवाज म्हणू.

हा आतला आवाज ऐकावा की नाही? बुद्धीनं चालावं की मनानं? आणि देवधर्माला या सगळ्यात जागा कुठली? तुम्हालाही हे प्रश्न कधी ना कधी पडले असतीलच. आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी ते अगदी उंबरठ्यावर येऊन उभे राहिले होते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सासूबाई म्हणायला लागल्या, ‘अंगात काहीतरी वेगळं वाटतंय.’ ताप नाही, दुखणं नाही, भूक नेहमीसारखी. त्या तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. आम्ही म्हटलं, वय झालं, दगदग झाली, होतं असं. पण त्या ऐकेनात. रोज तेच. शेवटी एके दिवशी अंघोळीच्या वेळी त्यांच्याच हाताला स्तनात एक बारीकशी गाठ लागली. डॉक्टरांनी तपासलं, मॅमोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, ‘अशा बहुतेक गाठी साध्याच असतात. पण सुईनं तुकडा काढून तपासल्याशिवाय खात्री देता येणार नाही.’ त्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं.

तो दिवस उजाडायच्या आत सासूबाई एका देवळात जाऊन आल्या. आपल्याकडे कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात, तसा इकडे देवाच्या अंगावरच्या फुलाचा प्रसाद मागतात. मनात प्रश्न धरून उभं राहायचं. फूल उजवीकडून पडलं तर देवाचा होकार, डावीकडून पडलं तर नकार. सासूबाईंचं फूल डावीकडून पडलं. घरी येऊन त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, ‘देवाची मर्जी नाही. मी सुई टोचून घेणार नाही.’

माझे यजमान इंजिनिअर. त्यांनी आईला आकडे दाखवले, पुस्तकातली माहिती वाचून दाखवली, शेवटी आवाजही चढवला. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि त्याचा शून्य उपयोग झाला. आई रोज पूजा करत, माळ ओढत आणि तो विषय निघाला की उठून आत जात. असे सात आठवडे गेले.

जानेवारीत एका दुपारी आम्ही दोघी अवरेकाई सोलत बसलो होतो. बंगळूरच्या थंडीत घरोघरी हे काम चालतं. हात गुंतलेले असले की माणूस मोकळं बोलतं. मी फुलाबद्दल काही बोलले नाही. एवढंच विचारलं, ‘आई, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?’

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आक्काला मीच पाठवलं होतं.’ आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, बेळगावची. १९७४ साली तिचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. ती नको म्हणत होती. हिनंच समजूत घालून तिला दवाखान्यात नेलं, आणि ती परत आली नाही. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी मुलांनाही सांगितली नव्हती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की फूल कुठल्याही बाजूनं पडलं असतं तरी सासूबाईंच्या मनातलं उत्तर आधीच ठरलेलं होतं. उजवीकडून पडलं असतं, तर कदाचित त्यांनी पुन्हा एकदा मागून पाहिलं असतं. नकार भीतीचा होता, सही मात्र देवाची घेतली होती.

आता गंमत पाहा. एकाच बाईचा आतला आवाज दोनदा बोलला. पहिल्यांदा तो म्हणाला, ‘काहीतरी वेगळं आहे.’ आम्हा शिकल्यासवरलेल्यांना ते पटलं नाही, आणि तो खरा निघाला. दुसऱ्यांदा म्हणाला, ‘सुई नको.’ तो खोटा होता. मग बाहेरच्यानं ओळखायचं तरी कसं?

डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ. एकाचा अंतःप्रेरणेवर फारसा विश्वास नव्हता, दुसऱ्याचा बराच होता. दोघांनी मिळून २००९ साली एक निबंध लिहिला. त्याचं सार आपल्या भाषेत असं सांगता येईल: जिथे गोष्टी एका नियमानं घडतात, आणि आपलं चुकलं की बरोबर हे वारंवार कळत राहतं, तिथे अनुभवी माणसाच्या अंदाजावर विश्वास ठेवावा. नुसतं मनाला ठाम वाटतं, एवढ्यावर ठेवू नये. फुलवालीच्या हाताला हा नियम लागू पडतो. मीठ घालणाऱ्या हातालाही पडतो. स्वतःच्या शरीराशी अडुसष्ट वर्षं घरोबा असलेल्या बाईलाही पडतो. पण गाठीच्या आत काय आहे, हे सांगण्याचा सराव ना सासूबाईंना होता, ना फुलाला.

याहून सोपी अशी एक खूण मला त्या दुपारी सापडली, आणि ती मी अजून वापरते. पहिला आवाज म्हणत होता, ‘तपासून पाहा.’ दुसरा म्हणत होता, ‘तपासू नका.’ जो आतला आवाज चौकशीचं दार उघडतो त्याचं जरूर ऐकावं. तो चुकीचा निघाला तरी फारसं बिघडत नाही, थोडा वेळ आणि थोडे पैसे जातात. पण जो आवाज दार लावून घेतो, त्याच्याकडे जरा संशयानं पाहावं. बहुतेक वेळा त्याच्यामागे भीती, लोभ किंवा अहंकार दडलेला असतो.

आमच्याच बसवनगुडीत एका माणसानं हे दार उघडं ठेवण्यासाठी आयुष्य घालवलं. त्यांचं नाव डॉ. एच. नरसिंहय्या. गौरीबिदनूर तालुक्यातल्या एका गरीब घरातला हा मुलगा इथल्या नॅशनल हायस्कूलमध्ये शिकायला आला. १९१७ साली अ‍ॅनी बेझंट यांच्या प्रेरणेनं निघालेली ही शाळा. १९४२च्या चळवळीत नरसिंहय्यांनी शिक्षण सोडून तुरुंगवास पत्करला. पुढे ते नॅशनल कॉलेजात शिकवू लागले, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि प्राचार्यही झाले. १९६२ साली त्यांनी बेंगलोर सायन्स फोरम सुरू केला. सामान्य माणसाला समजेल अशा शब्दांत विज्ञानाची व्याख्यानं, आणि शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. प्रश्न विचारल्याशिवाय काहीही स्वीकारू नका, हेच त्यांचं विद्यार्थ्यांना सांगणं असे.

बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९७६ साली, त्यांनी चमत्कारांची आणि तपासता येण्याजोग्या अंधश्रद्धांची चौकशी करणारी समिती नेमली. सत्य साईबाबांना पत्रं लिहून, समितीसमोर चमत्कार करून दाखवण्याची विनंती केली. तशी परीक्षा काही झाली नाही. पण त्यावरून देशभर वाद माजला.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, हा माणूस कोरडा असणार. पण तसं नव्हतं. ते आजन्म अविवाहित राहिले, अंगात खादी, डोक्यावर गांधी टोपी. कुलगुरूपद भूषवलेला, १९८४ साली पद्मभूषण मिळालेला हा माणूस अनेक दशकं कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत विद्यार्थ्यांच्या सोबतीनं राहिला. २००५ साली ते गेले, तेव्हा त्यांच्यामागे संपत्ती नव्हती, संस्था होत्या. चमत्कार न मानणाऱ्या या माणसाचं जगणं एखाद्या संन्याशाला शोभेल असं होतं. अध्यात्म म्हणजे स्वतःपलीकडे पाहणं, असं मानलं तर त्यांना आध्यात्मिक म्हणायला हरकत नसावी. त्यांना स्वतःला तो शब्द आवडला असता का, ही गोष्ट वेगळी!

आपल्या महाराष्ट्रात तरी हे नवीन कुठे आहे? तुकोबांनी आणि गाडगेबाबांनी नवस-सायासांवर कोरडे ओढले, पण भक्ती टाकून दिली नाही. समर्थांनी विवेकाला केवढं महत्त्व दिलं! महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटाटोप केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. त्या कायद्यानं पूजा, वारी, कीर्तन यांना हात लावलेला नाही. पण साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं, हा गुन्हा ठरवला आहे. म्हणजे कायद्यालाही देवाचं वावडं नाही. दवाखान्याचं दार अडवायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

त्या दुपारनंतर मी सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले. यजमानांना मुद्दाम घरी ठेवलं. आक्काची हकिगत ऐकल्यावर डॉक्टरांनी आकडे सांगितले नाहीत. भूल म्हणजे काय, तेव्हा काय नव्हतं आणि आता काय आहे, सुईनं तपासताना पूर्ण भूल लागतच नाही, हे अर्धा तास समजावून सांगितलं. सासूबाईंनी एकामागून एक प्रश्न विचारले. मी पाहतच राहिले. इतके दिवस आम्ही त्यांना उत्तरं देत होतो, प्रश्न विचारूच दिले नव्हते.

मग संक्रांत आली. आमच्या शेजारच्या गविपुरमला गवी गंगाधरेश्वराचं गुहेतलं देऊळ आहे. संक्रांतीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्याचे किरण नंदीच्या शिंगांमधून आत शिरतात आणि शिवलिंगावर पडतात. खगोलशास्त्राच्या अभ्यासक डॉ. बी. एस. शैलजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २००८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निबंध लिहिला. सूर्य आकाशात त्याच जागी वर्षातून दोनदा येतो, म्हणून हा प्रकाश नोव्हेंबरच्या अखेरीसही पडतो, असं त्यांनी दाखवलं. ही माहिती मी सासूबाईंना सांगितली. मला वाटलं, त्या हिरमुसतील. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे बांधणाऱ्याला सूर्याचं सगळं ठाऊक होतं म्हण की!’ आणि त्यांनी आणखी भक्तीनं हात जोडले. समजल्यामुळे नवल कमी होत नाही, हे मला त्यांनी शिकवलं.

२०२१च्या संक्रांतीला ढग आले आणि किरण लिंगापर्यंत पोचले नाहीत. कित्येकांना तो अपशकुन वाटला. सासूबाई म्हणाल्या, ‘ढगाला काय कळतंय, आज सण आहे म्हणून?’ फुलाच्या कौलावर सात आठवडे अडून बसलेल्या याच त्या बाई!

पण मी पुढे गेले. त्या पहिल्या संक्रांतीला देवळातून परतताना मी घाबरत घाबरत विचारलं, ‘आई, या वेळी काय मागितलंत?’ त्या म्हणाल्या, ‘करू की नको, हे नाही विचारलं. ते डॉक्टरांना विचारलंय. देवाला म्हटलं, बळ दे.’

तपासणी झाली. गाठ साधी नव्हती. पण ती वेळेत हाती लागली होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आम्ही सगळे घाबरलो होतो, आकडे सांगणारे यजमान सर्वांत जास्त. शांत झोपल्या त्या एकट्या सासूबाई. ती झोप त्यांना आकड्यांनी दिली नव्हती. आज त्या हिंडत्या-फिरत्या आहेत, आणि आमटीतलं मीठ अजून त्यांच्याच हातचं असतं.

वाचकहो, तुमच्याही घरी अशी वेळ कधी येईल. मुलीचं लग्न ठरवायचं असेल, घर घ्यायचं असेल, आजारपण असेल. तेव्हा आतल्या आवाजाला हसू नका आणि त्याच्या हाती सगळा कारभारही देऊ नका. तो ‘नीट पाहा’ म्हणतो आहे की ‘पाहू नको’ म्हणतो आहे, एवढं आधी ओळखा. जे तपासता येतं ते जाणकाराकडून तपासून घ्या. आणि मग जे आपल्या हातात नाही, त्यासाठी खुशाल देवापुढे हात जोडा. घरातलं कुणी फुलाचा कौल घेऊन आलंच, तर वाद घालू नका. शेजारी बसून शेंगा सोलायला घ्या आणि विचारा, ‘नेमकी कशाची भीती वाटते?’